बावीस फुटांची जागा

१

ट्रेलर मागे घेताना लॉइडने बोलायचं नाही आणि वर्नाने ओरडायचं नाही, असा त्या दोघांचा जुना करार होता. तो पिकअपमधून मान बाहेर काढून आरशात बघणार आणि ती मागच्या कोपऱ्यात, त्याला दिसेल अशी उभी राहून हातांनी सांगणार. डावा हात हलला की डावीकडे, उजवा हलला की उजवीकडे, दोन्ही तळवे वर गेले की जागच्या जागी थांबायचं. कॅम्पच्या तळावर नवराबायकोची भांडणं बहुतेक याच वेळी जुंपतात आणि आजूबाजूची मंडळी खुर्च्या टाकून मजा बघतात. लॉइड आणि वर्ना या नीमी नवराबायकोने मात्र आजवर कुणाची करमणूक केली नव्हती.

पण आज जागाच लहान होती. सरकारी उद्यानाचा हा तळ फार जुना, लोक तंबू नाहीतर चिमुकले ट्रेलर घेऊन यायचे त्या काळातला. रस्त्याच्या कडेला हद्दीचा ओंडका, मागे हेमलॉकचं जाडजूड झाड, एका अंगाला दाट झुडपं आणि दुसऱ्या अंगाला खाली सरोवर. खांबावर स्वच्छ लिहिलं होतं, लांबी बावीस फूट, त्यापुढे नाही.

"आपला सव्वीस आहे," वर्ना म्हणाली. हे ती घरापासून म्हणत होती.

"कागदावर बावीस आहे. पुढचा दांडा आणि मागचा बंपर धरून कोण मोजतं? सगळेच असं सांगतात. बायका वय सांगतात तसं."

"ए, मी माझं वय खरं सांगते," मागच्या सीटवरून सेल्मा म्हणाली. "अजून तरी त्याचा काही फायदा झालेला नाही."

सेल्मा ही लॉइडची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती या दोघांकडेच होती. साखरेच्या दुखण्याने तिच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली होती आणि दोन्ही पायांना कित्येक वर्षं काही म्हणजे काही कळत नव्हतं. चटका बसला, खडा टोचला, तरी तिला पत्ता नसे. पुन्हा जखम झाली तर पाय वाचायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी वर्ना तिचे पाय मांडीवर घेऊन धुवायची, कोरडे करायची, बोटांच्या बेचक्या बघायची. महिनाअखेर सेल्मा वृद्धाश्रमात राहायला जाणार होती, तिच्याच हट्टाने. त्याआधी तिला या जागी एकदा यायचं होतं. लहानपणी आईवडील दोघा भावंडांना इथेच आणायचे. बाकीचा तळ भरलेला होता, त्यामुळे दुसरी जागा घ्यायचाही प्रश्न नव्हता.

रेंजर मुलगी हातात टेप घेऊन येऊन उभी राहिली. "बसला नाही तर परत जावं लागेल, मिस्टर नीमी. माझा नाइलाज आहे."

वर्ना मागे गेली. लॉइडने ट्रेलर वळवून सरळ रेषेत आणला आणि हळूहळू मागे घ्यायला सुरुवात केली. बंपर झाडापासून हातभर उरला तेव्हा ट्रेलरचं नाक अजून रस्त्यातच होतं. तिने दोन्ही तळवे वर केले. ट्रेलर थांबला नाही. आरशावर ऊन चमकत होतं, त्याला दिसलं नसावं. तिने जन्मात पहिल्यांदा ओरडायला तोंड उघडलं, मग डोळेच मिटून घेतले आणि पत्रा चेपल्याच्या आवाजाची वाट बघितली.

आवाज आला नाही. इंजिन बंद झालं.

डोळे उघडले तर बंपर आणि झाडाची साल यांच्यात तेवढंच हातभर अंतर होतं. आणि पुढे, ट्रेलरचा दांडा हद्दीच्या ओंडक्याच्या आत होता.

रेंजरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप धरली. "बावीस. अगदी बरोबर. मजा करा." आणि ती निघून गेली.

लॉइड हात झटकत खाली उतरला. "सांगत होतो की नाही?"

वर्ना ट्रेलरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवत होती. त्या ट्रेलरची हिवाळ्याची खोळ तिने स्वतःच्या हाताने शिवली होती, जेवणघरातलं टेबल भिंतीला लावून, सगळ्या घरभर कापड पसरून. सव्वीस फूट म्हणजे केवढं कापड, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

२

आत मात्र काहीच बदललेलं नव्हतं. तिने दारातून आत पाऊल टाकताना श्वास रोखला होता, तो सोडला. चूल, टेबल, न्हाणीघराचं दार, आणि सगळ्यात मागे सेल्माचा पलंग. उशी अलीकडे, पायथा मागच्या भिंतीला, पायथ्याशी डाव्या भिंतीत छोटी खिडकी. सगळं पूर्वीसारखं ऐसपैस. तिने सामान लावलं, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या गरम केल्या, वेलदोड्याचा पाव कापला. टेपची काहीतरी गफलत झाली असेल, तिने मनाला सांगितलं. त्या पोरीने दांडा सोडून मोजलं असेल. आपल्याला काय करायचंय, जागा मिळाली ना.

ऊन उतरल्यावर ती रोजच्यासारखी पाण्याचं भांडं आणि टॉवेल घेऊन पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसली.

"आमची आई इथे आम्हाला थंडगार पाण्यात ढकलायची," सेल्मा सांगत होती. "लॉइड रडायचा. सांग ना तिला, रडायचास की नाही?"

"सात वर्षांचा होतो मी," बाहेरून लॉइड म्हणाला. निदान तसं म्हणाला असावा. कारण पहिला शब्द वर्नाला ऐकू आला आणि पुढचे आले नाहीत.

ती टॉवेल घ्यायला पुढे, उशीच्या बाजूला वाकली होती, ती आता मागच्या भिंतीकडे सरकून स्टुलावर नीट बसली होती. एवढाच फरक. तिने कान दिला. सरोवराच्या लाटा दुपारपासून खालच्या दगडांवर आपटत होत्या, त्यांचा आवाज नव्हता. वारा नव्हता. पलीकडच्या जागेतलं कुत्रं भुंकत होतं, तेही नव्हतं.

ती पुढे वाकली. लाटा, कुत्रं, लॉइडचं हसणं, सगळं परत आलं.

मागे सरकली. गेलं.

"काय गं, डुलक्या घेतेस का?" सेल्माने विचारलं. तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखा वाटला.

"कानात दडे बसलेत," वर्ना म्हणाली. "घाट चढून आलो ना."

घाट काही तेवढा उंच नव्हता. तिने पाय घाईघाईने पुसले. पडदा ओढायला म्हणून खिडकीकडे हात नेला तेव्हा बाहेर नजर गेली. त्या अंगाला झुडपं होती. ट्रेलर लावताना फांद्या पत्र्यावर घासलेल्या तिने ऐकल्या होत्या. खिडकीबाहेर झुडपं नव्हती. पाण्यासारखा करडा, सपाट उजेड होता आणि त्यात दूरवर काहीच उभं नव्हतं.

धुकं आलं असेल, असं म्हणून तिने पडदा ओढला. सरोवराकाठी धुकं कधीही येतं. पण ती पुढच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा सूर्य पाण्यावर लखलखीत मावळत होता आणि लॉइड लाकडं रचत शीळ घालत होता.

३

सकाळी सेल्मा सगळ्यांच्या आधी जागी होती आणि खूश होती.

"वर्ना, तू पांघरूण फार छान खोचलंस. इस्पितळात नर्स खोचते तसं. रात्रभर पाय उबदार होते."

वर्ना कॉफी ओतत होती, ती थांबली. "उबदार होते म्हणजे? तुला कळलं?"

"कळलं ना. मला वाटलं, तुला सांगावं की नको. तू उगीच आशा लावून बसशील." सेल्माने आवाज खाली आणला. "टाचा कळतात. आणि गंमत म्हणजे, नसलेली बोटंसुद्धा."

पांघरूण पायथ्याशी दोन्ही कोपऱ्यांवर घट्ट, चापूनचोपून दुमडलेलं होतं, जणू लिफाफ्याची टोकं. वर्नाला तसं येत नव्हतं. तिने कधी केलं नव्हतं.

लॉइडचा आनंद गगनात मावेना. "हवा! ही इथली हवा आहे. मी म्हणत होतो डॉक्टरला काही कळत नाही." तो बहिणीला म्हणाला, "आणखी चार दिवस राहू. कशाला हवाय तो वृद्धाश्रम?"

आणि सेल्मा, जिने स्वतःच्या तोंडाने ती जागा निवडली होती, जी कधी कुणापुढे डोळ्यांत पाणी आणत नसे, ती पावाचा तुकडा बोटांनी कुस्करू लागली. मग म्हणाली, "चाललं असतं मला."

ते बघून वर्नाने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. आयुष्यभर इतरांचं करणाऱ्या या बाईला एवढंसं सुख मिळालंय, आणि आपण काय सांगणार? पायथ्याशी लाटा ऐकू येत नाहीत म्हणून?

ती बाहेर गेली आणि फांद्या बाजूला सारत झुडपांत शिरली. हात ओरबाडले गेले. चुलीजवळची खिडकी लागली, टेबलाजवळची लागली. त्याच्या पुढे गुळगुळीत पत्रा, आणि ट्रेलरचा मागचा कोपरा. तिने पत्र्यावरून तळहात फिरवला. सांधा नव्हता, खाच नव्हती.

पायथ्याची खिडकी नव्हतीच.

४

"तू ये आणि डोळ्यांनी बघ," ती लॉइडला म्हणाली. त्याच्या हातातली कुऱ्हाड तिने काढून घेतली तेव्हा कुठे तो उठला.

झुडपांतून बाहेर आला तेव्हा त्याच्या टोपीवर पानं होती आणि चेहऱ्यावर अजून अर्धं हसू होतं. "खिडकी त्या बाजूला असेल."

"सेल्माच्या डाव्या हाताला आहे. तूच गेल्या वर्षी त्या खिडकीचा रबर बदललास."

"बदलला खरा." तो टोपी काढून डोकं खाजवू लागला. "वर्ना, याला काहीतरी साधं कारण असणार."

"मग सांग."

त्याला सांगता येईना. पण तो गिरणीत तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस होता. हात लावून बघितल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. त्याने ठरवलं, आपण बाहेरून मागच्या भिंतीवर ठोकायचं आणि वर्नाने आत पायथ्याशी कान लावायचा.

सेल्मा पुढे टेबलाशी पत्ते मांडून बसली होती. "आता कुठला खेळ चाललाय तुमचा?"

"भिंत पोकळ झालीय का बघतोय," वर्ना म्हणाली आणि पायथ्याशी जाऊन उभी राहिली. लाटा थांबल्या. तिने मागच्या भिंतीला कान लावला. भिंत कोमट होती.

काही ऐकू आलं नाही. स्वतःच्या कानातल्या रक्ताचा ठोका तेवढा. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग पलीकडून, कानाच्या अगदी समोर, कुणीतरी ठोकलं. जोरात नाही. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून बोटाच्या पेराने ठोकतात तसं, हलकेच.

तिच्या जिवात जीव आला. ऐकू येतंय तर. ती वळून म्हणाली, "आलं, लॉइड, ऐकू आलं!"

लॉइड पुढच्या दारात उभा होता. त्याच्या मुठीची कातडी सोलून निघाली होती. "मी केव्हाचा ठोकून दमलो," तो म्हणाला. "आता विचारायला आलो, तुला काय ऐकू आलं?"

सेल्माने पत्ता उलटा केला आणि काही न विचारता पुन्हा खाली ठेवला.

"मी पिकअप जोडतो," लॉइड म्हणाला. "चल, आवर."

५

आवरायला वेळ लागतो. पाण्याची नळी सोडवायची, कोपऱ्यांखालचे टेकू वर घ्यायचे, चाकांखालचे ठोकळे काढायचे. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नाही हा नियम, तेव्हा आधी सेल्माला पिकअपमध्ये बसवायला हवं होतं. वर्ना नळी गुंडाळून आत आली तेव्हा टेबलावर पत्ते तसेच होते आणि सेल्मा पलंगावर आडवी झाली होती.

"सेल्मा, ऊठ. निघायचंय."

"अर्ध्यावर आहे गं," सेल्मा डोळे मिटून म्हणाली. "एक पाय झाला. दुसरा होऊ दे."

"कोण करतंय?"

"तूच ना," सेल्मा म्हणाली, आणि मग डोळे उघडून तिने वर्नाला आपल्या उशाशी उभं पाहिलं. ती घाबरली नाही. ते वर्नाला सगळ्यात भयंकर वाटलं. तिच्या कपाळावर फक्त एक बारीक आठी पडली, नाव विसरल्यावर पडते तशी.

पांघरुणाखाली पायथ्याशी काहीतरी हललं, ते सेल्माचे पाय नव्हते. पाय सरळ पसरलेले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंनी कापड दबत होतं आणि उठत होतं.

वर्नाने तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. सेल्मा काही हलकी बाई नव्हती, पण तेवढं जड असायला नको होतं. चादरीची घडी घालताना समोरच्याने टोक गमतीने धरून ठेवावं, तसं काहीतरी धरून ठेवत होतं. रागाने नाही, ओढाओढ करून नाही. "माझं काम व्हायचंय," एवढंच म्हणावं तसं.

"सोड," वर्ना म्हणाली. आपण कुणाला म्हणतोय हे तिला कळलं नाही. "पाय माझ्याकडे आहेत. मी बघते त्यांचं. रोज बघते."

पकड सुटली. दोघी मागच्या मागे टेबलावर आदळल्या, पत्ते जमिनीवर पसरले. आणि पडता पडता वर्नाला पायथ्याची खिडकी दिसली. पडदा तिने काल पूर्ण ओढला होता, तो आता अर्धा उघडा होता. काचेपलीकडच्या करड्या उजेडात दोन हात होते. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पांढरी स्वच्छ बोटं. ते एक फडकं पिळत होते, सावकाश, शेवटचा थेंब निघेपर्यंत. कोपराच्या वर पडदा होता.

तिने सेल्माला उचललं की ओढत नेलं, ते तिला पुढे कधी आठवलं नाही. दार लावायचं राहिलं. लॉइडने गाडी पुढे घेतली तेव्हा मागे उभं राहायला कुणी नव्हतं, आणि मागे वळून बघायला कुणी तयार नव्हतं.

६

उद्यानाची हद्द संपल्यावर बऱ्याच वेळाने एक पेट्रोलपंप लागला. लॉइडने गाडी बाजूला घेतली, हत्यारांच्या पेटीतून टेप काढली आणि एकटाच ट्रेलरच्या कडेने चालत गेला. परत आला तेव्हा टेप त्याने खिशात घातली होती.

"सव्वीस," तो म्हणाला. "खिडकी जागेवर आहे. मी आत गेलो, सगळं ठीक आहे." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "झालं ते झालं. घरी जाऊ."

वर्ना मागच्या सीटवर होती. सेल्मा तिच्याजवळ आडवी झोपली होती, डोकं गुंडाळलेल्या कोटावर आणि पाय वर्नाच्या मांडीवर. दुपारचं स्वच्छ ऊन काचेतून आत येत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे पडू लागलेले मेपल, मधूनच लाकडाचा ट्रक. एवढ्या चांगल्या उजेडात माणसाला पुन्हा शहाणं व्हायला वेळ लागत नाही. वर्ना स्वतःशी एकेक गोष्ट पडताळत होती. कान. धुकं. घाबरलेल्या बाईच्या डोळ्यांना अर्ध्या पडद्यातून काय दिसेल, त्याचा काय भरवसा? उरलं फक्त एकच, सेल्मा. तिला धक्का बसलाय का, कुठे लागलंय का, जखम झालीय का. ते आधी बघायला हवं होतं. पिकअप पुन्हा रस्त्याला लागल्यावर तिने सेल्माचे मोजे अलगद उतरवले.

पाय निरोगी होते. तिने इतके निरोगी ते कधी पाहिलेच नव्हते. टाचांच्या भेगा भरल्या होत्या, कातडी गुलाबी आणि मऊ होती. बोटं होती तेवढीच होती, डाव्या पायाला दोन कमी. एक ओरखडा नव्हता. वर्नाचे डोळे भरून आले. तिने दोन्ही घोटे हातांत धरले आणि अंगठ्यांनी हळूहळू चेपायला सुरुवात केली, आपल्यालाच धीर यावा म्हणून.

"ठीक आहे ना ती?" पुढून लॉइडने विचारलं.

"ठीक आहे. पाय छान आहेत, लॉइड. खरंच छान आहेत."

"देवाची कृपा," तो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

वर्ना चेपत राहिली. डाव्या घोट्यावर तिचा अंगठा दाबला गेला की मांसात खळगा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. मग उजव्या घोट्यावर. मग पुन्हा डाव्या. नाकावरून ओघळलेलं पाणी पुसायला तिने एक हात उचलला. मग दुसराही उचलला आणि दोन्ही हात छातीशी धरले.

खळगे पडतच होते. घोट्यावर एका बाजूला चार, समोरच्या बाजूला एक. दाबले जात होते, भरत होते, थोडे वर सरकत होते, पुन्हा दाबले जात होते. घाई नव्हती. उन्हात सगळं स्पष्ट दिसत होतं.

सेल्मा झोपेत हसली.

"जरा वर," ती म्हणाली. "हां. तिथेच."